बॅलड ओळखावं कसं आणि बांधावं कसं

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘बॅलड’ शोधलं की बहुधा ‘पोवाडा’ हाती लागतो. मोबाइलवर ‘रॉक बॅलड्स’ नावाची यादी लावली, तर पियानोवर एक संथ विरहगीत सुरू होतं. डफ नाही, तुणतुणं नाही, झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ तर नाहीच. तरी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी पोवाड्यांचे इंग्रजी अनुवाद १८९४ साली पुस्तकरूपात काढले, तेव्हा पुस्तकाच्या नावात ‘बॅलड्स’ हाच शब्द होता, कारण गाऊन सांगितलेली गोष्ट हा त्या शब्दाचा जुना, सरळ अर्थ. पुढे लोकप्रिय संगीतानं शब्द तोच ठेवला आणि आतला ऐवज बदलला. त्यामुळे बॅलड लिहायला किंवा वाजवायला बसण्याआधी कोणतं बॅलड हवंय, हे ठरवावं लागतं. निम्मे घोटाळे इथेच होतात.

गोष्टीचं आणि भावनेचं

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमधली ३०५ लोकबॅलड जमवून १८८२ ते १८९८ या काळात छापली. त्यांतला नेहमीचा साचा चार ओळींचा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चार ठोके, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत तीन, यमक दुसरी-चौथीचं. गाताना तीन ठोक्यांच्या ओळीनंतर चौथा ठोका रिकामा राहतो. गाणारा तिथे श्वास घेतो आणि ऐकणारा आत्ता ऐकलेलं मनात लावून घेतो. आपल्या मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा अक्षरांनंतर शेवटचा चरण चार अक्षरांवर थांबतो. त्या आखूड चरणाचं कामही बरंचसं असंच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या ‘टिन पॅन अ‍ॅली’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशकांनी घरच्या पियानोवर वाजवण्यासाठी गाण्यांचे छापील कागद विकायचा मोठा धंदा उभा केला. हळवी बॅलड हा त्यांचा खपाचा माल. सुरुवातीला त्यांतही गोष्ट असायची. हळूहळू ती आटत गेली आणि गोष्टीतल्या माणसाला काय वाटलं, तेवढंच उरलं. १९२०-३० च्या दशकांत ३२ बारांचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुधा चारांचा) साचा रूढ झाला: आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यांतला तिसरा वेगळ्या चालीचा. जाझवाले तर या गाण्यांपैकी जे संथ वाजवायचं, त्याला बॅलड म्हणू लागले. आज ‘बॅलड’ म्हटल्यावर लोकांच्या मनात येतं ते या फांदीवरचं फळ.

ओळखण्याच्या तीन कसोट्या

संथ लय ही खूण आहे, पुरावा नाही. बीटल्सचं ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ (१९६९) चांगलं पळतं. ते बॅलड आहे ते घडलेल्या गोष्टी क्रमानं सांगतं म्हणून. उलट संथ ब्लूज हा अमेरिकन गानप्रकार बारा बारांच्या चक्रावर आणि गिटारच्या उत्तरांवर उभा असतो. त्याला कोणी सहसा बॅलड म्हणत नाही.

पहिली कसोटी: साथ बंद करा आणि शब्द नुसते बोलून दाखवा. समोरच्याला कोण बोलतंय, कोणाशी आणि आत्ताच का, हे कळलं पाहिजे. दुसरी: गायक थांबतो त्या जागी कान कुठे जातो? बॅलडमध्ये तो पुढच्या ओळीची वाट पाहतो. ठेक्याकडे गेला, मान डोलायला लागली, तर ते संथ ‘ग्रूव्ह’चं गाणं आहे. चांगलं असेल, पण वेगळं. तिसरी: चाल दुप्पट वेगात म्हणून बघा. भावनेचं बॅलड असेल तर ते लगेच हास्यास्पद होतं. गोष्टीचं बॅलड मात्र वेग सहन करतं.

थोडक्यात, बॅलडमध्ये बाकी सगळं आवाजाच्या दिमतीला असतं. पुढचे सगळे आकडे याच एका गोष्टीतून निघतात.

लय कशी ठरवायची

आधी क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावू नका. गायकाला कोणत्याही साथीशिवाय पहिला व्हर्स (कडवं) आणि कोरस (समूहगान नव्हे, तेच शब्द, तीच चाल घेऊन परत येणारा मुख्य भाग) म्हणू द्या आणि फोनवरच्या टॅप-टेम्पोनं लय मोजा. बहुतेक बॅलड ६० ते ८० बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला तितक्या ठोक्यांत, बसतात. व्हर्स ७० ला आणि कोरस ७४ ला भरला तर दचकू नका, माणूस असाच गातो. क्लिक ७२ ला ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये जमत असेल तर कोरसला एक-दोन बीपीएम वाढवा. ऐकणाऱ्याला वेग वाढल्याचं कळत नाही, फक्त गाणं उचलल्यासारखं वाटतं.

७२ च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ८३३ मिलिसेकंद जातात. एवढ्या मोठ्या पोकळीत वादक घाईला येतात. ठोका यायच्या आत हात पडतो आणि गाणं कोरसपर्यंत ८० वर पोचलेलं असतं. उपाय सोपा: क्लिक १४४ वर लावा, म्हणजे मधला अर्धा ठोकाही ऐकू येईल. नाहीतर ड्रमरनं हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठांश, म्हणजे अर्ध्या ठोक्याचे आघात, धरून ठेवावेत, तेही बिनआवाजी पायानं चालतील.

ठेका बारात चार ठोक्यांचा, म्हणजे चार-चारच हवा असं काही नाही. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन बॅलडमध्ये पियानो प्रत्येक ठोक्याला तीन-तीन आघात देत राहतो, त्याला बारा-आठ म्हणतात. आपल्या ढोलकी-तबलेवाल्याला ‘दादऱ्याच्या वजनानं, पण खूप संथ’ असं सांगितलं तर लगेच समजतं. फक्त तबल्याचा भरलेला दादरा तसाच ठेवला तर गाणं भावगीताकडे झुकतं. ते हवं असेल तर उत्तमच, नको असेल तर ठेक्यातल्या निम्म्या जागा रिकाम्या करा.

चार मिनिटांचा हिशेब

चार-चारमध्ये ७२ बीपीएमला एक बार ३.३३ सेकंदांचा होतो आणि ७२ बारांचं गाणं नेमकं चार मिनिटांचं. वाटणी अशी करता येते: सुरुवातीचा पियानो ४ बार, पहिला व्हर्स ८, दुसरा व्हर्स ८, कोरसची चढण ४, कोरस ८, तिसरा व्हर्स ८, चढण ४, कोरस ८, ब्रिज (एकदाच येणारा वेगळ्या चालीचा भाग) ८, शेवटचा कोरस ८, उतार ४.

या वाटणीत पहिला कोरस २४ बारांनंतर, म्हणजे १ मिनिट २० सेकंदांनी येतो. १२० बीपीएमच्या गाण्यात तेवढेच बार ४८ सेकंदांत संपतात. बॅलड ‘लांबलं’ असं लोक म्हणतात ते बहुधा याच जागी, शेवटाला नाही. इलाज लय वाढवण्यात नाही. दुसरा व्हर्स काढून टाका: कोरस ५३ व्या सेकंदाला येतो आणि वाचलेले ८ बार शेवटचा कोरस दोनदा घ्यायला मिळतात.

मराठी गीतकार-संगीतकारांचा पाय इथे सवयीनं घसरतो. आपल्या भावगीतात आणि सिनेगीतात मुखडा आधी येतो, मग म्युझिक पीस, मग अंतरा, आणि प्रत्येक अंतरा मुखड्यावर परततो. पॉप बॅलडमध्ये उलट आहे. ज्या ओळीसाठी सगळा खटाटोप, ती उशिरा येते आणि ऐकणाऱ्याला तिथवर चढत न्यावं लागतं. मुखडा आधी ठेवून मागून बॅलडची साथ लावली, तर शिखर पहिल्या वीस सेकंदांतच होऊन जातं आणि नंतर ड्रम कितीही जोरात वाजले तरी चढ जाणवत नाही. मुखडा आधी हवाच असेल तर पहिल्यांदा त्याची एकच ओळ घ्या, साथीशिवाय, मधल्या सप्तकात.

वेगळा कोरस नसलेलंही बॅलड असतं. सायमन अँड गारफंकल यांच्या ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’मध्ये (१९७०) तीन व्हर्स आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी गाण्याच्या नावाचीच ओळ. पियानो आणि एका आवाजावर सुरू झालेलं गाणं तिसऱ्या व्हर्समध्ये ड्रम आणि व्हायोलिनांसह फुलतं. साच्यात काही बदलत नाही, वजन बदलतं. नवशिक्यानं आधी हाच साचा वापरावा, त्यात चुकायला जागा कमी.

शब्द

गोष्टीचं बॅलड लिहायचं तर सुरुवात मधूनच करा. पार्श्वभूमी सांगण्यात पहिला व्हर्स घालवला की गाणं बुडालं. बॉबी जेन्ट्रीच्या ‘ओड टू बिली जो’मध्ये (१९६७) एका तरुणाच्या आत्महत्येची बातमी जेवणाच्या टेबलावर येते. घरचे बोलत राहतात, वाढून घेत राहतात. पुलावरून काय टाकलं गेलं ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि कोरसही नाही. गोष्टीतला एक तपशील मुद्दाम झाकून ठेवणं हे जुन्या लोकबॅलडचंच तंत्र. दुसरं तंत्र पालुपदाचं: शब्द तेच, पण मधल्या व्हर्समध्ये काही घडल्यामुळे त्यांचा अर्थ फिरतो. ‘दार उघडं ठेव’ ही ओळ पहिल्यांदा निरोपाची वाटेल, तिसऱ्यांदा वाट बघण्याची. पालुपद आलं आणि अर्थ होता तिथेच राहिला, तर मधला व्हर्स कापा.

भावनेच्या बॅलडमध्ये गोष्ट नसली तरी प्रसंग लागतो. एक जागा, एक वेळ, एक वस्तू. ‘तुझ्याविना जीवन सुनं’ ही ओळ कोणाचीही असू शकते, म्हणून ती कोणाचीच होत नाही. ‘दोन कप काढले, एक परत ठेवला’ ही एका माणसाची आहे.

आता मराठीची अडचण. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे मीटरवर लिहिताना प्रत्येक ओळ ‘आली, गेली, राहिली’ किंवा ‘होता, गेला’वर संपते. यमक फुकट मिळतं आणि तसंच ऐकूही येतं. जलद गाण्यात ते खपून जातं. संथ गाण्यात यमक यायच्या आत ऐकणाऱ्यानं ते ओळखलेलं असतं. चारांपैकी निदान दोन ओळी नामावर संपवा: ‘गेली शेवटची गाडी’ऐवजी ‘गाडी शेवटची गेली’ लिहायचा मोह आवरा.

लांबवायच्या सुरावर कोणता स्वर येतो, ते लिहितानाच पाहायचं. वरच्या पट्टीत आ आणि ओ मोकळे सुटतात, ए चालतो. ई आणि ऊ वर बहुतेक गायकांचा गळा आवळतो. ‘वाट’ शब्द चार ठोके धरायचा असेल तर सूर ‘वा’वर राहतो आणि ट शेवटी दार लावल्यासारखा येतो, ते छान. ‘पाऊस’मध्ये गायक ऊ वर अडकतो, तिथे चाल ‘पा’वर लांबवून ‘ऊस’ आखूड ठेवावी लागते. आणि ‘मन’ला ‘मना’ करून ओढू नका. शेवटचा अ लांबवला की आ ऐकू येतो आणि शब्दच बदलतो.

कॉर्ड आणि पट्टी

संथ लयीत प्रत्येक कॉर्ड बदल ऐकू येतो, म्हणून मोजके बदल पुरतात: एका बारात एक, फार तर दोन. सगळ्यात उपयोगी साचा उतरत्या बेसचा. सी पट्टीत कॉर्ड अशा: सी, जी, ए मायनर, पुन्हा ए मायनर, एफ, सी, डी मायनर, जी. प्रत्येकी दोन ठोके, म्हणजे चार बार. खालचा बेस मात्र सी, बी, ए, जी, एफ, ई, डी, जी असा पायरीपायरीनं उतरतो: सा नि ध प म ग रे आणि मग प. इथली ठरलेली चूक म्हणजे बेस गिटारवाला दुसऱ्या कॉर्डला सवयीनं जी वाजवतो. पायरी तुटते आणि साचा साध्या चार कॉर्डचा होऊन बसतो. त्याच्या कागदावर कॉर्डची नावं लिहूच नका, फक्त खालचे सूर लिहा.

एफ मेजरवरून एफ मायनर आणि मग सी, या वळणात कोमल धैवत एका क्षणापुरता येऊन पंचमावर उतरतो आणि काळीज हलतं. गाण्यात एकदाच वापरा, ब्रिजच्या शेवटी किंवा अगदी शेवटच्या ओळीला. प्रत्येक व्हर्सला आला की मिठाई होते.

शेवटच्या कोरसला पट्टी एक स्वर वर नेणं ही पॉवर बॅलडची, म्हणजे शेवटाकडे जोरात चढत जाणाऱ्या बॅलडची खूण. व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’मध्ये (१९९२) सुरुवात नुसत्या आवाजानं होते. पुढे क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका पडतो आणि गाणं ए मेजरवरून बी मेजरवर चढतं. हेच गाणं डॉली पार्टननं १९७४ साली काढलं तेव्हा ते छोटं कंट्री बॅलड होतं, आणि त्यातला एक भाग ती गात नाही, बोलते. दोन्ही पाठोपाठ ऐकली की एकच चाल किती तऱ्हांनी उभी करता येते ते कळतं. शिवाय पट्टी चढवणं सक्तीचं नाही, हेही.

चढवायचीच असेल तर पट्टी शेवटाकडून ठरवा. चालीतला सगळ्यात उंच सूर तार सप्तकातला ‘ग’ असेल आणि तुम्ही पांढरी एकवरून पांढरी दोनवर गेलात, तर गायकाला मूळ पट्टीतला तीव्र ‘म’ लावावा लागणार, तोही चार मिनिटं गाऊन झाल्यावर. म्हणून तालमीत आधी शेवटचा कोरस गाऊन घ्या. तिथे सूर आरामात लागला की मागे येऊन पहिल्या व्हर्सचा खालचा सूर ऐकू येतोय का, ते पाहा. दोन्ही साधत नसेल तर चालीचा पल्लाच जास्त आहे. साधारण दीड सप्तकाच्या आत तो ठेवा. सी वरून डी वर जाताना मध्ये एक बार ए सेव्हन दिला की कानाला वाट सापडते.

साथ कधी कोणती

एक साधा नियम पाळा: प्रत्येक नव्या भागाला जास्तीत जास्त दोन नव्या गोष्टी. पहिल्या व्हर्सला आवाज आणि एकच वाद्य. दुसऱ्याला बेस. पहिल्या कोरसला ड्रम, पण स्नेअर या ड्रमसेटमधल्या मुख्य ढोलावर पूर्ण ठोका नाही, काठी कडेवर आडवी ठेवून ‘टक’ एवढंच, आणि मागे व्हायोलिनांचा हलका थर. तिसऱ्या व्हर्सला व्हायोलिन काढा, टक ठेवा. दुसऱ्या कोरसला स्नेअर उघडा. ब्रिजला एकतर सगळं अंगावर येऊ द्या किंवा सगळं काढून घ्या, अर्धवट काही नको. पहिल्याच कोरसला गिटार, झांजा, मागचे आवाज सगळं ओतलं, तर शेवटच्या कोरसला आवाजाची पातळी वाढवण्यापलीकडे हातात काही उरत नाही. पातळी वाढवून गाणं मोठं होत नाही, फक्त कर्कश होतं.

पियानोवाल्यासाठी दोन सूचना. मध्य सी च्या एक सप्तक खालच्या सी पासून आणखी खाली तीन सूर चिकटून वाजवू नयेत, तिथे चिखल होतो. डाव्या हाताला सा-प-सा पुरे. आणि उजवा हात गायक ज्या सप्तकात गातोय तिथे फिरवू नये. भरणीच्या जागा गायकाच्या श्वासाच्या, ओळीच्या डोक्यावरच्या नाहीत. सतारवादक किंवा बासरीवाला बोलावला असेल तर त्याला हे दोनदा सांगावं लागतं.

रेकॉर्डिंगमध्ये रिव्हर्ब (घुमारा) लागतोच, पण तो आवाजाला लगेच चिकटला की शब्द धूसर होतात. आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांत ४० ते ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. ७२ च्या लयीत ५२ बरोबर बसतं, कारण तो ठोक्याचा सोळावा भाग आहे. शेपूट दोन-अडीच सेकंद. रिव्हर्बच्या वाटेवर २०० हर्ट्झखालचं कापून टाका. आवाजाचं कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं) एकदम जोरात लावण्यापेक्षा दोन टप्प्यांत हलकं लावा, आणि त्याआधी ओळी हातानं वरखाली करून घ्या. गायकाचे श्वास पुसू नका. एवढ्या मोकळ्या जागेत श्वास नसला की माणूस नसल्यासारखं वाटतं.

कार्यक्रमात दोन बॅलड पाठोपाठ ठेवू नयेत. गोव्यात संथ मांडोच्या मागून जलद दुलपद येतं, त्यामागे हेच शहाणपण दिसतं. आणि गाणं संपवताना सावकाश आवाज कमी करत नेऊ नका. शेवटच्या ओळीला पुन्हा पियानो आणि आवाज एवढेच ठेवा, शेवटच्या शब्दाआधी एक ठोका जास्त थांबा, कॉर्ड वाजवा आणि ती आपोआप विरेपर्यंत पायातलं पेडल सोडू नका. साधारण आठ सेकंद लागतात. स्टेजवर तेवढ्यात कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात करतंच, तरी पेडल दाबूनच ठेवा.